दोघांचे दोन फोन

"एक," तो म्हणाला आणि दुकानदाराला नीट कळावं म्हणून त्याने एक बोटही वर केलं. "दोन," ती म्हणाली. बोटबीट काही तिने दाखवलं नाही. काचेखाली मांडलेले फोन बघता बघता, पाव किलो नको अर्धा किलो द्या म्हणावं इतक्या सहज ती म्हणाली, दोन. जाड मिशांच्या, कपाळावर चष्मा चढवलेल्या दुकानदाराने आधी त्याच्या बोटाकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे, आणि बायको म्हणेल ते खरं, हे जगभर चालणारं शहाणपण वापरून खणातून दोन डबे काढले. बोट वरच राहिलं. ते खाली कसं आणावं हे त्याला कळेना. शेवटी त्याने त्याच बोटाने कान खाजवला.

राग आला असं म्हणता येणार नाही. अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली सपाट जमीन लागावी, तसं त्याला वाटलं. चौतीस वर्षांच्या संसारात दोघांचं म्हणून जे काही होतं ते एकच होतं. खाली बाइंडिंगचा कारखाना, वर दोन खोल्या, मधे आतूनच लाकडी जिना. कारखान्यात एक लांब टेबल. त्याच्या खिडकीकडच्या टोकाला ती बसून छापखान्यातून आलेले, घडी घातलेल्या पानांचे फर्मे शिवायची, दुसऱ्या टोकाला तो उभा राहून पुठ्ठे कापायचा, खळ लावायचा, कापड चढवायचा आणि पुस्तक दाबात घालायचा. पुस्तक तिच्या हातून निघून त्याच्या हातात यायचं, इतकंच काय ते अंतर. फोनही एकच. पूर्वी भिंतीवरचा काळा, मग खिशातला आला तरी तो कुणाच्या खिशात राहिला नाही. टेबलाच्या मधोमध खळीच्या बोटांच्या वाळल्या ठशांनी माखून पडलेला असायचा. ज्याचे हात कोरडे त्याने उचलायचा. हात बहुतेक वेळा तिचेच कोरडे. गेल्या आठवड्यात इथे परदेशात विमानतळावर उतरल्यावर तो फोन एकदम मुका झाला. चालू होता, घड्याळ दाखवत होता, पण इथलं वारं त्याला मानवलं नाही. म्हणून हे दुकान. म्हणून एक. दोघं एकत्रच आलो आहोत तर दोन कशाला, दोघं काय दोन दिशांना जाणार आहोत, असं तो मनात म्हणाला आणि मनातच थबकला. कारण हो, दोन दिशांनाच जाणार होते. ती ग्रंथालयात आणि तो कुठेही.

आमंत्रण तिला होतं. दोन वर्षांपूर्वी एक उंच परदेशी बाई कारखान्यात वही बांधून घ्यायला आली होती. तासभर खिडकीपाशी उकिडवी बसून ती त्याच्या बायकोची शिवण बघत राहिली. त्याला वाटलं होतं बाईला चक्कर आली. पुढे कळलं की ती इथल्या मोठ्या ग्रंथालयात जुनी पुस्तकं दुरुस्त करणाऱ्या विभागाची प्रमुख आहे. मग पत्र आलं. दोन आठवडे या, ही शिवण आमच्या लोकांना शिकवा, सोबत एक जण आणता येईल. पत्राच्या वर तिचं नाव होतं, पूर्ण, तिच्या वडिलांनी शाळेत घातलं होतं तेव्हाचं असावं तसं लखलखीत. आणि तो होता 'सोबत एक जण'. गल्लीत त्याने स्वतःच त्याचा विनोद करून टाकला. "मी सामान म्हणून चाललोय," तो कागदवाल्याला म्हणाला, छापखानेवाल्याला म्हणाला, कारखाना सांभाळायला राहिलेल्या मुलाला म्हणाला. "वीस किलोच्या आत आहे का बघा." सगळे हसले, तीही हसली. पण दातात अडकलेला कण जसा जीभ पुन्हा पुन्हा शोधत जाते तशी त्याची जीभ त्या शब्दांवर जात राहिली. सोबत. एक. जण.

दुकानदाराने दोन अर्ज पुढे केले. तिने आपला अर्ज ओढून घेतला आणि चष्मा पुसून, प्रत्येक रकान्यात अक्षर मावेल असं जपून लिहायला बसली. तिला असा अर्ज स्वतःचा स्वतः भरताना त्याने कधी पाहिलंच नव्हतं. बँकेचा, वीजमीटरचा, मुलाच्या शाळेचा, सगळे तो भरायचा आणि तिच्यापुढे सहीपुरता सरकवायचा. आता ती जीभ किंचित बाहेर काढून लिहीत होती आणि सही करताना तिने नावाखाली एक छोटी रेघ ओढली. ही रेघ कुठून आली? चौतीस वर्षांत सहीखाली रेघ नव्हती. "काय बघताय?" ती म्हणाली. "तुमचं भरा ना." तो घाईने भरायला लागला आणि व्यवसायाच्या रकान्यात चुकून तिचं नाव लिहून बसला. खाडाखोड करावी लागली. दुकानदाराने तरी तो अर्ज चालवून घेतला, भला माणूस.

मग दुकानदार म्हणाला, लावून बघा एकमेकांना. म्हणजे खुणेने म्हणाला. त्याचं इंग्रजी आणि यांचं इंग्रजी दोन्ही सारखंच लंगडं असल्यामुळे त्यांचं छान जमत होतं. तिने त्याचा नंबर दाबला. त्याच्या हातातला नवा फोन थरथरायला लागला आणि तो दचकला. "उचला की," ती दोन हातांवरून म्हणाली. त्याने कानाला लावला. "हॅलो," ती म्हणाली. एकदा समोरून ऐकू आलं आणि क्षणभराने पुन्हा एकदा कानात, जणू तिच्या मागून दुसरी कुणी चालत येत होती आणि तेच म्हणत होती. "नीट कळत नाहीये, तुम्ही बाहेर जा बघू," दोघी म्हणाल्या. तो रस्त्यावर गेला. काचेतून ती दिसत होती, पाठमोरी.

"हॅलो. कोण?" फोनमधून आलं.

"कोण म्हणजे? मी."

"मी कोण?"

"अगं मी गं!"

ती हसली. आणि तो फुटपाथवर उभाच राहिला. हा आवाज कुणाचा? बारीक होता, जरासा धावून आल्यासारखा, शब्दाच्या शेवटी किंचित वर जाणारा. कारखान्यातला आवाज त्याला ठाऊक होता. तो जाडसर होता, खाली बघून बोललेला, फर्मे मोजता मोजता मधेच टाकलेला. हा तो नव्हता. हिने जणू नुकतं दार उघडलं होतं आणि कोण आलंय हे बघायची तिला उत्सुकता होती. त्याला एकदम उमगलं की लग्नाला चौतीस वर्षं झाली, आणि आपण तिच्याशी फोनवर आज पहिल्यांदा बोलतो आहोत. वेळच कधी आली नव्हती. नुसतं खाकरलं तरी तिला कळायचं की कात्री हवी आहे. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी गेली तेव्हा त्या गावात फोन पोचला नव्हता. तीन ओळींची कार्डं यायची, प्रकृती ठीक, सुईदोरा कपाटात डावीकडे, काळजी घेणे. पुढे आयुष्यभर ती फोनवर बोलली ती इतरांशी. कागदवाल्याशी, प्रकाशकांशी, शाळेच्या कारकुनाशी, भावाशी. या सगळ्या लोकांना हा आवाज माहीत होता. तिचा हा फोनवरचा आवाज सगळ्या शहराने ऐकला, आणि तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला खळीत ब्रश बुडवत तिची नुसती पाठची बाजू ऐकत राहिला. त्याला त्या कागदवाल्याचा विनाकारण राग आला. बिचारा माणूस दोन वर्षांपूर्वी निवृत्तसुद्धा झाला होता.

"येतंय ना ऐकू?" ती म्हणाली. "मग ठेवते. मला उशीर होतोय."

ट्रामच्या थांब्यापर्यंत तो तिच्याबरोबर चालला. रोज त्या उंच ग्रंथपालबाई गाडी घेऊन यायच्या, आज मात्र तिनेच सांगितलं होतं की मी माझी येईन. ट्राम आली, ती चढली, खिडकीतून तिने फोन उंचावून दाखवला, जसं काही शर्यतीतलं बक्षीस, आणि गेली. आता आठ तास होते. पहिल्या तीन दिवसांत त्याने राहत्या घराच्या आसपासचा भाग पालथा घातला होता. दिव्यांचं दुकान, कपडे धुवायच्या यंत्रांची खोली, तळं असलेली बाग, त्या तळ्यातली सतत भांडणारी बदकं. आज तो त्याच वाटेने गेला, पण वाट तीच राहिली नव्हती. खिशात काहीतरी होतं. डाव्या मांडीला ते लागत होतं आणि प्रत्येक पावलाला त्याला वाटत होतं की थरथरलं. तो थांबायचा, काढायचा, बघायचा. काही नाही. शाळकरी पोरासारखं काय चाललंय, तो स्वतःला म्हणाला, आणि दहा पावलांवर पुन्हा थांबला. करावा का आपणच? पण करून म्हणायचं काय? फोन करायला कारण लागतं. पोचलीस का, हे विचारता आलं असतं. पण ते विचारायची वेळ कारण शोधण्यातच निघून गेली. वरच्या खिडकीची कडी लावली होती का? लावली होती, त्यानेच लावली होती. संध्याकाळी काय खायचं? ते अकरा वाजता विचारणारा माणूस खुळा ठरतो. इतकी वर्षं तिच्याशी बोलायला कधी कारण लागलं नव्हतं, कारण बोलणं फारसं झालंच नव्हतं. कामच बोलायचं. हा विचार त्याला आवडला नाही. बाकावर बसून त्याने तिचा नंबर पाठ करायला घेतला, पुस्तकाचे पानक्रमांक लक्षात ठेवायची सवय होतीच, आणि तिसऱ्या खेपेला पाठ झाल्यावर नुसता मनाशी म्हणत बसला. नऊ आकडे होते. म्हणायला गोड होते.

पावणेबाराला मांडी थरथरली. खरोखर थरथरली.

"अहो," ती अगदी हळू बोलत होती. "कुठे आहात?"

"बागेत. का गं? काय झालं?"

"ऐका. खळ कशी करायची?"

त्याला वाटलं चुकीचं ऐकलं. "खळ? तुला कशाला खळ? तू शिवायचंस."

"हो, पण यांनी काल विचारलं, तुमच्याकडची खळही तुम्हीच करता ना, आम्हाला दाखवाल का. आणि मी हो म्हणून बसले."

"का म्हणालीस?"

"आता सगळ्या जणी तोंडाकडे बघत होत्या," ती म्हणाली. "बारा जणी आहेत. शेगडी आणलीय, पातेलं आणलंय, मैदा आणलाय. मी म्हटलं जरा हात धुऊन येते. मोरीत उभी आहे."

त्याला आधी हसू आलं, आणि हसण्याच्या मागून, अगदी पाठोपाठ, दुसरं एक काहीतरी आलं. ते चांगलं नव्हतं. बरं झालं, असं ते म्हणत होतं. खळ त्याची होती. जेवण ती करायची, खळ तो करायचा, एकाच शेगडीवर, पण तिने कधी त्या पातेल्याला हात लावला नव्हता की त्याने कधी लावू दिला नव्हता. वडिलांनी त्याला शिकवली होती, त्यांना त्यांच्या मालकाने. आणि ही काल बारा जणींसमोर हो म्हणून बसली. आता अडली. आता येईल सामानाची आठवण. ट्राम पकडली तर वीस मिनिटांत तिथे पोचता येईल; दारातून आत जाता येईल, बाह्या सरसावता येतील, ग्रंथपालबाई बाजूला सरकतील, बारा जणी त्याच्या हाताकडे बघतील. हे सगळं त्याला इतकं स्पष्ट दिसलं की तो बाकावरून उठलासुद्धा.

"मी येऊ का?" तो म्हणाला.

पलीकडे नळ ठिबकत होता. तेवढंच ऐकू येत होतं. ती गप्प होती, आणि समोरासमोर असती तर या गप्प राहण्याचा अर्थ त्याने तिच्या मानेवरून ओळखला असता. फोनला मान नसते. त्याला वाट बघावी लागली.

"नको," ती म्हणाली. "तुम्ही सांगा. मी करते."

तो परत बसला. किती वेळ गेला कोण जाणे, बहुधा एक श्वास. पण त्या एका श्वासात त्याच्या आतला कुणीतरी बाह्या सरसावून उभा होता तो बाह्या खाली करून बाजूला झाला. "बरं," तो म्हणाला. "फोन चालू ठेव. शेगडीशेजारी उभा कर. मैदा थंड पाण्यात कालव आधी, गरम पाण्यात टाकलास तर गाठी होतील. ताकासारखा पातळ. आणि चिमूटभर मोरचूद."

"मोरचूद नको म्हणतात. विष आहे म्हणतात."

"मग राहू दे. कीड लागेपर्यंत आपण घरी पोचलेले असू."

तिचं हसू दाबलेलं ऐकू आलं, मग पावलं, मग दार, मग खूप माणसांचा मंद आवाज आणि तिचं ते लंगडं इंग्रजी: माझे मिस्टर, फोनवर, ते बघत नाहीत, ते ऐकतात. कुणीतरी काहीतरी विचारलं. पातेलं आदळलं. "ढवळत राहा," तो म्हणाला. "एकाच बाजूने. थांबायचं नाही." मग बराच वेळ नुसतं चमच्याचं खरखरणं. तेवढ्यात बागेच्या बाजूने एक ट्रक घरघरत आला. तो धावत झाडांमागच्या अवजारांच्या खोपटाआड गेला, भिंतीकडे तोंड करून उकिडवा बसला आणि दुसऱ्या कानात बोट घातलं. "फोन पातेल्याजवळ आण. अजून जवळ. बुडवू नकोस." त्याने डोळे मिटले. सुरुवातीला काही नव्हतं. मग बारीक सुर्र. अजून पाणीच आहे, तो म्हणाला, ढवळ. वडील त्याला शेगडीकडे पाठ करून उभं करायचे. बघू नको, म्हणायचे, बघणाऱ्याची खळ फसते, कारण वरून ती शिजल्यासारखी दिसते; ऐक. सहा महिने त्याने पाठमोरं उभं राहून नुसती ऐकली होती. आता एका परक्या गावात, भिंतीला नाक लावून, तो तसाच पाठमोरा होता आणि शेगडी चार मैलांवर होती. पुट्. पुट् पुट्. "बुडबुडे आले," ती म्हणाली. "कळतंय मला," तो म्हणाला. "आच कमी कर. उतरवू नकोस."

मागे कुणीतरी उभं असल्याचं त्याला जाणवलं. एक म्हातारे गृहस्थ होते, हातात कुत्र्याची दोरी. अवजारांच्या खोपटाआड भिंतीशी बसून डोळे मिटून बडबडणाऱ्या माणसाची त्यांना काळजी वाटली असावी. त्यांनी काहीतरी विचारलं. त्याने मागे न बघता हात उंचावला. "शू!" म्हातारबुवा गप्प झाले. कुत्रंही खाली बसलं. फोनमध्ये आता आवाज जड झाला होता. थप्प. थप्प. चिखलात टाकलेलं पाऊल बाहेर काढावं तसा. "आता नीट ऐक तूही," तो म्हणाला. "दोन थप्पांच्या मधे एक श्वास मावला पाहिजे." ती तिथे ऐकत होती, तो इथे. बारा जणीही गप्प झाल्या असाव्यात, कारण दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं. थप्प. त्याने श्वास घेतला. अर्धा. थप्प. अजून नाही. थप्प. आणि मग एक लांब, भरलेली शांतता आली, तिच्यात त्याचा श्वास पूर्ण आत आला आणि...

"झाली," ती म्हणाली.

तिने त्याच्या आधी म्हटलं. त्याच्या तोंडात शब्द होता, जिभेवर होता, पण तो तिच्या आवाजात बाहेर पडला. पातेलं उतरवल्याचं वाजलं. ग्रंथपालबाई काहीतरी उंच स्वरात बोलल्या आणि मग टाळ्या वाजल्या, पावसाळी गटारासारख्या खळखळत्या, फोनच्या चिंचोळ्या भोकातून आलेल्या. "बघा तरी," ती म्हणत होती, कुणाला कोण जाणे, "चमच्यावरून कशी पडतेय." मग जवळून: "ठेवते हं. आता शिवायचंय." आणि फोन शांत झाला.

तो उठला. गुडघे वाजले. म्हातारे गृहस्थ अजून तिथेच होते आणि चेहऱ्यावर मोठा प्रश्न होता. "झाली," तो त्यांना मराठीतच म्हणाला, "छान झाली. गाठ एक नाही." त्यांनी गंभीरपणे मान डोलावली, हात पुढे केला, आणि दोघांनी हस्तांदोलन केलं. कुत्र्याने त्याचा जोडा हुंगला.

दुपार त्याने कशी घालवली ते त्याला नंतर सांगता आलं नसतं. दिव्यांच्या दुकानासमोर तो बराच वेळ उभा होता. एका पुस्तकाच्या दुकानात जाऊन त्याने सात-आठ पुस्तकं उलटी धरून त्यांचे कणे तपासले आणि यंत्रावरची बांधणी म्हणून नाक मुरडलं. फोन खिशात होता आणि गंमत म्हणजे आता तो सारखा थरथरल्यासारखा वाटत नव्हता. वाजेल तेव्हा वाजेल. आणि बरं झालं, असं म्हणणारं ते मघाचं काहीतरी त्याने पुन्हा एकदा आत चाचपून पाहिलं. होतं, पण वाळून खपली धरलेलं. त्याला जास्त नवल वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. चौतीस वर्षं टेबलाच्या त्या टोकाला बसून ती ऐकत होती तर. कुणी तिला पाठमोरं उभं केलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं.

पाचला सुटते म्हणाली होती. ग्रंथालय नदीच्या लगेच पलीकडे होतं; पुलाच्या अलीकडे ट्रामचा थांबा होता, तिथे तो साडेचारपासूनच येऊन उभा राहिला. पाच वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"अहो, मी ट्रामने येत नाहीये. पूल चालत ओलांडतेय. ऊन इतकं छान पडलंय."

"ये ये," तो म्हणाला आणि पुलाकडे बघितलं. माणसं येत होती, कामावरून सुटलेली, सायकली हातात धरून, पिशव्या घेऊन. त्यांच्यातून ती येत होती. पुलाच्या मध्यावर पोचली होती, राखाडी स्वेटर, खांद्याला तिची हत्यारांची पिशवी. तिने त्याला पाहिलं नव्हतं. हाक मारायला त्याने तोंड उघडलं.

"काय झालं माहितीये," ती कानात म्हणाली, "तुम्ही फोन ठेवलात ना..."

"तू ठेवलास."

"तेच. मग त्या बाई म्हणाल्या, ब्रश कसा धरायचा?" आणि पुलावरच्या तिने मोकळा हात वर करून हवेत ब्रश धरला. लांब, सपाट, कडेपासून मधे. त्याचाच हात होता तो, त्याच्याच मनगटाचा झोक, आणि तिला आपण काय करतोय याचा पत्ताही नव्हता. बाजूने जाणाऱ्या एका सायकलवाल्याने वळून पाहिलं. तिला त्याचंही भान नव्हतं. बोलताना तिच्या भुवया वर जात होत्या. हसण्याआधी ती खालचा ओठ दाताखाली धरत होती. आपल्याशी बोलताना ही अशी दिसते, त्याला वाटलं. इतकी वर्षं बोलत आली ती फर्म्यांकडे बघून, आणि तो ऐकत आला पुठ्ठ्याकडे बघून. ऊन तिच्या चष्म्यावर होतं. तो थांब्याच्या खांबाआड सरकला.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"कुठे पोचलात तुम्ही?"

ती फार तर तीस पावलांवर होती. त्याने फोन कानाशी घट्ट धरला.

"अजून लांब आहे गं," तो म्हणाला. "बराच वेळ लागेल. तू बोल."

"असं?" ती म्हणाली. मग तिने पिशवी खांद्यावरून काढून खाली ठेवली, कठड्याला पाठ टेकवली, आणि घाई नसलेल्या माणसासारखी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.